ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड

आज बायकोने सरकीच्या तेलात भजी तळली आणि तो वास नाकात शिरताच मी वर्ध्याच्या कॉलेजातल्या जुन्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. इलेक्ट्रॉन गनला, म्हणजे पडद्यावर किरण सोडणाऱ्या नळीला, वीस हजार व्होल्टचे झटके देणारं यंत्र आम्ही बनवत होतो. झटका असा, की पापणी लवायच्या आत तो जन्मून, म्हातारा होऊन, नातवंडं पाहून मरावा! तीन ट्रान्सफॉर्मर जळले होते. चौथा जळू नये म्हणून तेलात बुडवायचा होता; त्याचं खास तेल मिळेना, म्हणून सरकीचंच ओतलं.

थकव्याने माझी हाडंसुद्धा जांभया देत होती. विभागप्रमुख म्हणाले, "आज पडद्यावर किरण दिसला तं ठीक, नाई तं काम बंद."

मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका चमकला आणि लगेच ताडकन आवाज होऊन चौथाही जळाला, खोलीभर भज्यांचा वास सुटला. सर नेमके चष्मा पुसत होते.

"सर, दिसला! ज्वारीच्या दाण्याएवढा!"

"काऊन रे, मले येडा समजला का? मागच्या खेपेले तुयी ठिणगी सेवाग्रामले गेलती म्हणे!"

काम बंद झालं. जन्मात एकदाच न वाढवता बोललो होतो. तेव्हा सरांचा फार राग आला. आता वाटतं, त्यांच्या जागी मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

बायको भज्यांची ताटली पुढे सरकवत म्हणाली, "इतकी वर्षं ऐकून राह्यली मी. आता तं टरबुजाएवढा सांगा ना जी!"

"नाई," मी म्हणालो, "दाण्याएवढाच होता."