मधल्या खोलीचं दार

शंकरप्पा शेट्यांना उत्तरेश्वर पेठेत सगळे आप्पा म्हणतात. उभा जन्म त्यांनी उद्यमनगरात पॅटर्न करण्यात घालवला. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रत करावी लागते, ती करायचं हे काम. हात सफाईदार, आवाज मोठा, आणि एकदा नाही म्हणाले की नाही. त्यांचं नाही फिरवायची हिंमत घरात कुणाची झाली नाही. बायको मल्लव्वा तर कधी वर तोंड करून बोललीच नाही, असं आप्पा मोठ्या अभिमानानं सांगायचे.

मल्लव्वा दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मुलगा अमरेश म्हणाला, हे कौलारू घर पाडू आणि स्लॅबचं बांधू. पण सून सौंदर्या आडवी आली. ती जयसिंगपूरची, घरांच्या आतल्या सजावटीचं शिकलेली.

"मामा, असल्या सागवानी तुळया आता बघायलासुद्धा मिळत नाहीत," ती आप्पांना म्हणाली. "भिंती, कौलं, पुढचा कट्टा तसाच ठेवू. आत फक्त नवी मोरी, नवं स्वयंपाकघर आणि नवं वायरिंग."

लाकडाचं नाव काढल्यावर आप्पा विरघळले. कौलं उतरवून धुऊन परत चढवली. तुळयांवरची काजळी आप्पांनी स्वतः पॉलिश पेपरनं घासून काढली. खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं, तेव्हा ते गल्लीतल्या प्रत्येकाला हाताला धरून आत नेऊन दाखवायला लागले.

मग मधल्या खोलीचं काम निघालं.

त्या खोलीची एक भिंत शेजारच्या घराला लागून. शेजारचं घर म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाचं, गुरप्पाचं. वडिलांच्या माघारी एकाच घराची दोन घरं झाली होती, तरी मधलं दार उघडंच असायचं. पुढं भांडण झालं. वडिलांना दवाखान्यात न्यायला उशीर कुणी केला यावरून ते सुरू झालं आणि एकमेकांच्या बायकांपर्यंत जाऊन पोचलं. आप्पांनी त्याच आठवड्यात गवंडी बोलावला, दाराच्या जागी वीट लावायला सांगितलं आणि कामावर निघून गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर सपाट गिलावा. ते समाधानानं जेवले. पुढं गुरप्पा वारला तेव्हा आप्पा मातीला गेले, मागं उभे राहिले आणि वहिनीशी एक शब्दही न बोलता परतले. ती वहिनी, गल्लीची आक्का, अजून पलीकडं एकटी राहते.

त्या भिंतीत स्विचबोर्डाचा पाइप घालायचा होता. गुंडू गवंड्यानं छिन्नी लावली, दोन ठोके मारले आणि थांबला.

"आप्पा, हितं भिंत न्हाई ओ."

"काय न्हाई?"

"भिंत न्हाई. लाकूड हाय."

त्यानं गिलाव्याच्या कडेला पहार घातली. जाळीसकट भला मोठा पोपडा सुटून खाली आला. धूळ बसली तेव्हा समोर दार होतं. हिरव्या रंगाचं, वडिलांच्या वेळचं, चौकटीसकट जागच्या जागी. वीट एकही नाही. दारावर नुसती जाळी ठोकून वरून गिलावा ओढलेला. आणि खाली, जिथं कायम तांदळाचं पिंप असायचं, तिथं दाराखालची चार बोटं जागा गिलावा न करता मोकळीच सोडलेली.

तेवढ्यात दारामागून, अगदी कानाशी बोलावं तसा आवाज आला.

"गुंडू, बेतानं मार की. माझ्या हिकडं देव्हारा हाय."

गुंडूच्या हातातली पहार गळून पडली. सौंदर्यानं तोंडावर हात ठेवला. पलीकडं सगळं ऐकू जात होतं. इतकी वर्षं या खोलीत आप्पा मोठ्या आवाजात काय काय बोलले होते! भावाला दिलेल्या शिव्या, वहिनीबद्दल बोललेलं वाकडंतिकडं.

ते तसेच धुळीच्या अंगानं रस्त्यावर आले आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. या उंबऱ्यावर ते गुरप्पाची माती झाली त्या दिवसानंतर आले नव्हते.

आक्का शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली. "ये, शंकरा. बस."

आप्पा बसले नाहीत. "मी वीट लावाय सांगितलं हुतं."

"तू सांगितलंस आन् गेलास. मल्लूनं गवंड्याला दुसरं सांगितलं."

"मल्लीनं?"

"मग काय मी? माझ्या हिकडची कडी मी घातली, तुझ्या हिकडचा गिलावा तिनं घेतला. तुला भिंत पायजे हुती, तुला भिंत दिली." आक्कानं शेंग फोडली. "रोज तू कामावर गेलास की पिंप सरकवून बसायची. मी हितं, ती तिथं. तांदूळ निवडायचे, भाजी निवडायची. एवढंच."

आप्पांनी चौकटीला हात टेकला. जी बाई कधी वर तोंड करून बोलली नाही म्हणून ते सांगत फिरले, तिनं पहिल्याच दिवशी, त्यांची पाठ वळल्याबरोबर, त्यांचा शब्द मोडला होता. आणि मरेपर्यंत मोडत राहिली होती.

"शेवटाला सुद्धा?" त्यांनी विचारलं.

"शेवटाला तर जास्तच. तिनं अंथरूण उगच तिथं घालाय लावलं व्हय? दुपारी तू जरा पडलास की बोलायची. मग मधीच बंद झाली. मी हाका मारायची, मल्लू, ए मल्लू. उत्तर न्हाई. मला वाटलं माझ्यावर रुसली."

आता मात्र आप्पा खाली बसले. मल्लव्वा भिंतीशी बडबडते, तिला भ्रम झालाय, हे डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं होतं. त्यावर डॉक्टरांनी एक गोळी वाढवून दिली होती. ती गोळी ते स्वतःच्या हातानं, पाण्याबरोबर, वेळच्या वेळी देत होते. त्यानंतर ती शांत झोपायला लागली, म्हणून त्यांनाही बरं वाटलं होतं.

"रुसली न्हवती," ते म्हणाले. मग अडखळत त्यांनी गोळीचं सांगितलं. आक्काचे हात सुपात तसेच राहिले.

"काय बोलायची ती?" आप्पांनी विचारलं.

"ते माझ्यासंगं बोललेलं हाय. तुझ्यासाठी न्हवतं ते." आक्का उठली, सूप कोपऱ्यात ठेवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "एक सांगते. तिला चुलीवर खिडकी पायजे हुती. धुरानं डोळं चुरचुरायचं तिचं. लई वर्षं म्हणत हुती."

"मला कधी म्हणाली न्हाई."

"म्हणाली हुती. भिंत ढिली हुईल म्हणालास."

आप्पांना आठवेना. खूप ताण दिला तरी आठवेना, आणि तेच त्यांना सगळ्यात लागलं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी अमरेश कामावरून आला तर आप्पा त्या उघड्या दारासमोर सिमेंटच्या पोत्यावर बसलेले. "तुझ्या आईला भ्रम न्हवता," एवढंच ते म्हणाले. सौंदर्यानं हलकेच विचारलं, की या दाराचं काय करायचं, गिलावा परत घ्यायचा का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आन् स्वयंपाकघरात एक खिडकी काढ."

खिडकी निघाली. चौकट आप्पांनी घरीच केली, जुन्या तुळईच्या उरलेल्या तुकड्यातून. मधलं दार घासून पुसून तसंच ठेवलं. त्याची कडी पलीकडं होती, त्यामुळं उघडायचं की नाही हे आप्पांच्या हातात नव्हतं. घर पूर्ण झालं, लोक बघून गेले, कौतुक करून गेले. एकानं विचारलं, या दारापलीकडं काय? आप्पा म्हणाले, "माझी वैनी ऱ्हाती." घरातल्यांनी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच ऐकला.

आणि एका सकाळी, अमरेश-सौंदर्या कामावर गेल्यावर, आप्पा चहा गाळत असताना मधल्या खोलीत कडी वाजली. दार कुरकुरत उघडलं. आक्का पदर सावरत आत आली. आप्पांकडं तिनं बघितलंच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, खिडकीसमोर उभी राहिली, चौकटीवरून हात फिरवला, बाहेर वाकून बघितलं.

"बारकी केलीस की रं," ती म्हणाली.

आप्पांनी दुसरा कप काढला.