मंगळ नक्की कुणाचा?

आम्ही जुळ्या. ताई माझ्याहून अर्ध्याच तासाने मोठी. पण तेवढ्यात उगवती रास बदलली आणि पत्रिकेतली घरं सरकली. ताईचा मंगळ बाराव्या घरात बसला, माझा अकराव्यात. बाराव्यातला नवऱ्याच्या जिवावर उठतो म्हणतात; अकराव्यातला कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणून ताई मंगळी आणि मी बिनघोर.

बिनघोर कसली! विशी गाठायच्या आत मला उजवून टाकलं. ताईला स्थळंच येईनात, तेव्हा निदान पायावर उभी राहू दे म्हणून बाबांनी तिला कवळ्या बनवायला शिकवलं. आज तिची स्वतःची लॅब आहे. साच्यात मेण ओतते, दाताशेजारी दात बसवते आणि कुणी हाक मारली तरी हातातलं काम संपल्यावरच उठते. लोक तिची कीव करायचे. माझा मात्र नुसता जळफळाट व्हायचा.

परवा मी माहेरी गेले होते. आईसमोरच ताई म्हणाली, "आमचे दातांचे डॉक्टर लग्नाचं विचारतायत. काय सांगू गं?"

म्हणजे आता तेही हिलाच! मनासारखं काम, वर मनासारखा नवरा.

"आणि मंगळ?" मी गोड आवाजात म्हणाले. "बिचाऱ्यांच्या जिवाशी कशाला खेळतेस?"

ताईचा चेहरा पडला. "खरंय. नाहीच म्हणते."

तेवढ्यात आई पुटपुटली, "मंगळ हिचाच कशावरून?"

"म्हणजे?" आम्ही दोघींनी एकदमच विचारलं.

"थोरलीला पिवळं दुपटं होतं, धाकटीला पांढरं. दोघींनी ओली केली, आत्याने एकदमच बदलली आणि मग कोण कुठली तेच कळेना. जिचा आवाज मोठा तिला थोरली ठरवलं. पत्रिका झाल्यावर तुमच्या बाबांना सांगायची छाती झाली नाही."

ताई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तिने तिथूनच फोन लावला. "डॉक्टर, माझा होकार आहे. मंगळ आम्हा बहिणींत निम्मा निम्मा निघालाय."

मला हसू येईना. वीस वर्षांत माझ्या नवऱ्याला साधी कणकणसुद्धा आली नव्हती.

"आई," मी विचारलं, "त्या दिवशी मी अजून थोडं मोठ्याने रडले असते तर?"

"तर तू ताई झाली असतीस," आई म्हणाली.