माझ्या गोळ्या आणि जाऊबाईंचा पाय

आमच्या घरात दोन गोळ्या होत्या, एक पापाची आणि एक पुण्याची. मूल नको म्हणून मी रोज घ्यायचे ती पापाची. सणात पाळी येऊ नये म्हणून घरातल्या बायकांना दिली जायची ती पुण्याची. पापाची गोळी डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेली होती. पुण्याची गोळी सासूबाई कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून भाजीच्या पिशवीत टाकून आणायच्या. ही कोणासाठी, तिला बीपी आहे का, असं मेडिकलवाल्यानं कधी एका शब्दानं विचारलं नाही. मला तेव्हाही याचा संताप यायचा आणि आज लिहितानाही येतोय.

घर आमचं गारखेड्यात. सासूबाई, मोठे दीर, मोठ्या जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही नवरा-बायको आणि आमची मुलगी. सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत घरात भिक्षुकी होती. आता दीर बँकेत होते, नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आणि मी तिथल्याच दुसऱ्या कारखान्यात अकाउंट्स बघायचे. भिक्षुकी सुटली होती, सोवळं काही सुटलं नव्हतं.

मुलगी चालायला-बोलायला लागल्यावर मी ठरवलं की दुसरं मूल इतक्यात नको. डॉक्टरबाईंकडे गेले तर त्यांनी गोळी द्यायच्या आधी प्रश्नांचा भडिमारच केला. सिगारेट ओढता? मला हसू आलं, त्या हसल्या नाहीत. घरात कोणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? अर्धशिशी आहे? डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं चमकत्या नागमोडी रेषा येतात? मुलीला अजून अंगावर पाजता? मग दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघितलं आणि तेव्हा कुठं पेन उचललं.

"बहुतेक बायकांना ही गोळी सोसते," त्या म्हणाल्या, "पण जिला चालत नाही तिला अजिबात चालत नाही. म्हणून विचारलं. आता नीट ऐका. एकाच पोटरीत दुखायला लागलं, सूज आली, छातीत कळ आली, धाप लागली, कधी नव्हे इतकं डोकं उठलं किंवा बोलताना जीभ अडखळली, तर थेट दवाखाना गाठायचा. उद्या बघू म्हणायचं नाही. आणि पाकीट दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा."

रात्रीच्या जेवणानंतर मी गोळी घ्यायचे. एखाद्या दिवशी विसरले तर आठवेल तेव्हा लगेच. ओळीनं दोन-तीन चुकल्या तर पुढचे काही दिवस गोळीच्या भरवशावर राहायचं नाही, हेही डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. जोराचे जुलाब-उलट्या झाल्या तरी तेच, आणि टँकरचं पाणी पिणाऱ्या घरात ही सूचना अधूनमधून कामाला यायचीच. तेवढे दिवस नवऱ्याला दुसरी सोय बघायला लावायचे. तो बिचारा बघायचा.

सासूबाईंना पाकीट दिसलं त्या दिवशी घरात भूकंप झाला. "गोळ्यांनी पोटात गरमी होते," त्या म्हणाल्या. "गर्भाशय वाळतं बाईचं."

"आई, सगळा मराठवाडा वाळलाय, त्याची काळजी करा," मी म्हटलं. "माझं मी बघते."

त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मला तेवढीच विश्रांती मिळाली.

मराठवाडा खरंच वाळला होता. ओळीनं दुष्काळ पडत होता आणि शहर मात्र फुगत चाललं होतं. कालपर्यंत ज्वारी होती तिथं इमारती उठत होत्या, प्रत्येक इमारतीखाली नवी बोअर आणि दर उन्हाळ्यात ती आणखी खोल. आमची बोअर आटली होती. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. टँकर आला की सगळी गल्ली बादल्या घेऊन धावायची.

आमच्या स्वयंपाकघरात एक स्टीलचं पिंप वेगळं ठेवलेलं असायचं. ते सोवळ्याचं पाणी. सोवळं नेसून भरायचं, देवाला आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाला तेवढंच वापरायचं. पाळी असलेल्या बाईचा हात लागला तर पिंप बाटलं. पूर्वी बाटलेलं पाणी झाडांना ओतून दुसरं भरत असत. दुष्काळात दुसरं आणायचं कुठून? यावर आमच्या घरानं उपाय काढला की पिंप वाचवायचं असेल तर बायकांची पाळी थांबवा. श्रावणात सत्यनारायण, शुक्रवारची सवाष्ण, मग गणपती, मग महालक्ष्म्या, म्हणजे गौरी. टँकरचा भरवसा नव्हता, तसा पाळीचाही नको होता.

त्या वर्षी मी आषाढातच सांगून टाकलं की मी यात नाही. माझी पाळी गोळीमुळं ठरल्या दिवशी यायची आणि कॅलेंडर बघितलं तर ती नेमकी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी येणार होती. दोन पाकिटं लागोपाठ घेतली तर ती पुढं गेली असती. डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं आणि मला ते चाललंही असतं. पण माझ्या सोयीसाठी मी शंभरदा करीन, पिंपाच्या सोयीसाठी करणार नाही.

"मग बस बाजूला," सासूबाई म्हणाल्या.

"बसते की," मी म्हटलं.

मी अंग काढलं म्हणून सगळा सण मोठ्या जाऊबाईंवर पडला. माहेर त्यांचं देवगाव रंगारी, बोली अजून गावाकडचीच. चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या, स्वभावानं इतक्या मऊ की घरातलं कुणीही त्यांना कुठलंही काम सांगायचं. त्यांना बीपी होतं. गोळी मनात येईल तेव्हा घ्यायच्या. डोकं दुखायला लागलं की कपाळावर सुंठ उगाळून लावायची आणि कामाला लागायचं. धाकट्या मुलानंतर त्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणजे मूल होण्याचा प्रश्नच मिटलेला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला. माझी पाळी वेळेवर आली आणि मी बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ समोर दिसायचं. जाऊबाई सोवळ्याची रेशमी नऊवारी नेसून पहाटेपासून शेगडीपाशी. पुरण शिजत होतं, सोळा भाज्या चिरून ठेवलेल्या. त्या पिंपाकडे जायला उठल्या आणि डावा पाय ओढत गेल्या. परत येताना भिंतीला धरून उभ्या राहिल्या. पिंप ते शेगडी, चार पावलांचं अंतर, आणि त्यांना धाप लागलेली.

"ताई, काय झालं पायाला?" मी बाहेरूनच विचारलं.

"काय नाय गं. दोन दिवस झाले, पोटरीत लई दुखायलंय. उभं राहून राहून झालं असंल."

"दोन्ही पायांत?"

"नाय, एकातच."

मी पेपर खाली ठेवला. सासूबाई आतून म्हणाल्या, "टँकरच्या बादल्या उचलल्यात तिनं. तेल कोमट करते, दाबून चोळलं की मोकळं होईल."

"ताई, डोकं दुखतं का हल्ली जास्त?"

"श्रावणापासून लई. आधी डोळ्यांपुढं कशा वाकड्यातिकड्या रेघा चमकत्यात बघ." मग त्या दाराजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या गोळ्यांनी तर नसंल ना गं?"

"माझ्या कुठल्या गोळ्या?"

जाऊबाई सासूबाईंकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी तेलाची वाटी हातात घेत अगदी सहज सांगितलं, "मीच दिल्या. तुझ्या कपाटातनं काढून. मेडिकलच्या दिवसातनं तीनदा घ्याव्या लागतात, हिला त्यानं मळमळतं. तुझी रोज एकच. तुला सोसते तर हिला का नाही सोसणार? शेवटच्या तपकिरी लोहाच्या, त्या टाकायच्या आणि दुसरं पाकीट सुरू करायचं. श्रावणापासून घरात अडचण नाही, बघ."

आमच्याकडे कपाटं सगळ्यांची असतात. लोणच्याची बरणी, शाल, छत्री, सगळं सगळ्यांचं. गोळ्याही सगळ्यांच्या झाल्या होत्या; मी पाकिटं चार-सहा महिन्यांची एकदम आणायचे, म्हणून दोन कमी झालेली मला कळलीच नव्हती. जिला मूल होणारच नव्हतं ती बाई मूल न होण्याच्या गोळ्या महिना-दीड महिना न थांबता घेत होती, एका पिंपासाठी. डॉक्टरबाईंनी मला विचारलेल्या प्रश्नांतला एकेक प्रश्न मला आठवला आणि दोन ठिकाणी तरी जाऊबाईंचं उत्तर "हो" होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मी उठले आणि उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेले.

"अगं, अगं! बाहेरची आहेस तू!" सासूबाई किंचाळल्या. मी त्यांच्या हातातली तेलाची वाटी घेतली आणि ओट्यावर आपटली. जाऊबाईंना पाटावर बसवून नऊवारी वर केली. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच जाड दिसत होती. कातडी ताणलेली, लाल, हात लावला तर गरम. मी त्यांना शिवले, पाटाला शिवले आणि उठताना माझा पदर त्या पिंपालाही लागला. मी मुद्दाम लावला नव्हता, पण लागला याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

"हा पाय कुणी चोळायचा नाही. ताई आता दवाखान्यात जाणार," मी म्हटलं.

"नैवेद्य दाखवायचाय! सवाष्णी येतील एवढ्यात. आरती तरी होऊ दे, मग ने कुठं न्यायचं तिथं."

दीर देवघरातून म्हणाले, "आई म्हणते ते बरोबर आहे. तासाभरानं काय होतंय?"

"भाऊजी, त्या गुठळीनं तुमची आरती ऐकून घेतली तर ठीक. नाही ऐकली तर?"

गुठळी हा शब्द ऐकून त्यांनी हातातलं ताम्हन खाली ठेवलं. माझा नवरा तेवढ्यात गाडीची किल्ली घेऊन बाहेर आलासुद्धा. अंगात रेशमी कद, उघड्या अंगावर उपरणं, कपाळाला गंध. तसाच गाडी चालवत बसला. जालना रोडच्या सिग्नलला रिक्षावाले वाकून वाकून बघत होते. जाऊबाई मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकल्या होत्या. "पुरण खाली लागंल गं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला रडू आलं. त्यांचं पुरण आठवून मला अजूनही रडू येतं.

दवाखान्यात त्यांना पहिल्यांदा ते प्रश्न विचारले गेले. बीपी, डोकं, रेघा, गोळ्या. मी पाकीट सोबत घेतलं होतं, ते दाखवलं. पायाची सोनोग्राफी झाली. पोटरीच्या आतल्या शिरेत गुठळी होती. छातीचा सीटी स्कॅन केला तर एक लहान तुकडा तुटून फुप्फुसापर्यंत गेलेला. रक्त पातळ करायची इंजेक्शनं तिथंच सुरू झाली. तरुण डॉक्टर मागून स्कूटरवर आलेल्या दिरांना म्हणाला, "वेळेत आणलंत. चोळला नाही ना पाय?" दीर माझ्याकडे बघायला लागले. मी बोलले असते तर फार बोलले असते.

जाऊबाई वाचल्या. घरी आल्या तेव्हा खटला माझ्यावर उभा राहिला. "तुझ्या विषानं घात केला," सासूबाई म्हणाल्या. "ती पाकिटं उचल आणि कचऱ्यात टाक."

"टाकणार नाही," मी म्हटलं. "मला विचारून, तपासून दिलेली गोळी आहे ती. ताईंना कुणी काही विचारलं होतं? विष ते न विचारणं आहे, आई. ते टाका कचऱ्यात."

मी कपाटाला कुलूप लावलं आणि गोळी घेत राहिले. सासूबाईंसमोर, रात्रीच्या जेवणानंतर, पाण्याचा पेला हातात घेऊन. पुढं काही वर्षांनी एका तपासणीत माझंही बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी ती गोळी बंद करून दुसरी सोय सांगितली आणि मी त्याच दिवशी बंद केली. त्यात हार-जीत काही नव्हती. ज्या शरीराला चालत होती त्याला घेतली, चालेना तेव्हा सोडली.

पण मला सांगायचंय ते जाऊबाईंच्या दुखण्यानंतरच्या पुढच्याच वर्षीच्या महालक्ष्म्यांचं. पाऊस त्या वर्षीही नव्हता. मी तेव्हा 'बाजूला' नव्हते. पिंप आदल्या दिवशी टँकरवर मीच भरलं होतं आणि पुढचा टँकर कधी ते कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी डाळ निवडून झाली आणि जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मऊ स्वभावाच्या माझ्या जाऊबाई. घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "आई, मला पाळी आलीय."

सासूबाईंनी नेहमीसारखं बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं. जाऊबाई आत आल्या. पिंपाचं झाकण काढलं, तांब्या बुडवून भरला आणि उभ्यानंच घटाघटा प्याल्या. पदरानं तोंड पुसलं.

"बाटलं आता," त्या म्हणाल्या. "ओतून देता का? द्या. मी काय गोळी घेणार नाय."

देवघरात दिरांची घंटा थांबली. सासूबाईंनी उघड्या पिंपात वाकून पाणी किती उरलंय ते बघितलं. मग खाली बसल्या, डाळीचं पातेलं पुढं ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दे त्यातलंच तांब्याभर. डाळ धुवायचीय."