मोरीच्या दारामागे दोन जावा

जिची ही हकीगत आहे, तिला घरातील सर्वजण थोरली म्हणत असत. आपणही तसेच म्हणू. थोरलीचा नवरा वारला त्यास वर्ष होत आले होते आणि ती अद्याप रडली नव्हती. नणंदेने चारचौघांत बोलून दाखवले, "दगड आहे दगड! माझा भाऊ गेला, आणि हिच्या डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही." थोरलीला त्याचा रागही आला नाही. तिने नणंदेसमोरचा रिकामा पेला उचलला, विसळला आणि पालथा घातला.

एका कुशीवर फार वेळ निजले असता हात बधिर होतो आणि तो आपला वाटतच नाही. तिचे सगळे शरीर तसे झाले होते. सकाळी उठावे, लोकांच्या घरी जावे, फरशी पुसावी, परत यावे. जेवण आळणी होते की खारट, हे कोणी विचारले असते तर तिला सांगता आले नसते.

अशा बाईच्या मनात धंदा काढण्याचा विचार येणे शक्य नव्हते. तो आला धाकटीच्या मनात. धाकटी ही तिची जाऊ. दोघी कित्येक वर्षे एकत्र सफाईची कामे करीत. थोरली मुकाट्याने, आणि धाकटी तोंडाचा पट्टा चालवीत. परंतु हल्ली एकेक घर सुटू लागले होते. एका मोठ्या कंपनीची गणवेशातील माणसे यंत्रे घेऊन येत आणि तासाभरात सर्व आटोपून जात.

धाकटी एके दिवशी म्हणाली, "ताई, स्पष्टच सांगते. इथे काही जमलं नाही, तर मी ह्यांच्याकडे जाईन. ते तिकडे परगावी एकटे राबतात, मी इथे रिकामी बसून काय करू? पण त्याआधी एकदा आपला स्वतःचा धंदा करून बघू. एकदाच."

"बघू," थोरली म्हणाली.

धाकटी गेली तर दिवसभरात आपल्याशी बोलणारे कोणीही उरणार नाही, हे थोरलीला कळत होते. कळत होते, एवढेच. घरात उंदीर आहे हे जसे ठाऊक असावे, तसे.

गावात नवीन उद्योग सुरू करणाऱ्यांना फुकट सल्ला देणारे एक केंद्र होते. दोन टेबले, एक पंखा आणि दोन सल्लागार. एक कारखान्यातून निवृत्त झालेले काका, दुसरी तरुण मॅडम. दोघांनीही अत्यंत मनापासून शिकवले. खोलीच्या मापावरून दर कसा सांगावा, हे काकांनी समजावले. संडासाचे फडके आणि टेबलाचे फडके वेगवेगळ्या रंगांचे ठेवावे, म्हणजे गिऱ्हाइकाला बघताक्षणी विश्वास वाटतो, हे मॅडमने सांगितले. त्यानंतर तिने दोघींना दारातून आत येण्याचा सराव करायला लावला.

"आत यायचं, समोर बघायचं आणि म्हणायचं, नमस्कार, आम्ही सफाई सेवेकडून आलो आहोत. बाई, तुम्ही म्हणा."

थोरली आत आली. तिने फरशीकडे पाहिले. ओठ हलले; आवाज आला नाही.

धाकटी म्हणाली, "मॅडम, राहू द्या. ह्यांच्याकडून नमस्कार वदवून घेणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं."

काका हसले. मॅडम हसली नाही. तिने तोच सराव पुन्हा करवून घेतला, आणि शेवटी एकदाचा कसाबसा शब्द बाहेर पडला.

काकांच्या ओळखीने एका दातांच्या दवाखान्यात संधी मिळाली. दवाखाना मोठा होता: खाली बसण्याचे दालन, वर उपचाराच्या खोल्या. जुन्या ठेकेदाराच्या कामावर तेथील व्यवस्थापक नाराज होते. दुपारी दवाखाना बंद असताना दोघींनी येऊन खालचे दालन स्वच्छ करून दाखवावे, मग व्यवस्थापक येऊन पाहतील आणि पसंत पडल्यास काम देतील, असे ठरले.

त्या दुपारी पहारेकऱ्याने दार उघडून दिले आणि तो जेवायला निघून गेला. दोघींनी अगोदर जाळी काढली, खुर्च्या ओढून त्यांच्या पायांना चिकटलेला मळ खरवडला, काचेवरचे बोटांचे ठसे पुसले. खुर्च्यांच्या मागे भिंतीवर डोकी टेकून टेकून तेलाचे काळपट गोल उमटले होते. तेही थोरलीने हळूहळू घासून फिके केले. धाकटी म्हणाली, "ताई, दात दुखतो त्याला डोकं टेकायला भिंतच लागते बघा." फरशी सर्वांत शेवटी, मागच्या मोरीच्या दाराकडे सरकत पुसली.

काम संपत आले असता जिन्यावर बूट वाजले. येथे जे घडले ते कोणाला विचित्र वाटेल, पण त्या दोघींना त्यात काही विशेष वाटले नाही. बुटांचा आवाज ऐकताच थोरलीने बादली उचलली, धाकटीने झाडू उचलला, आणि दोघी मोरीत शिरून दार ओढून उभ्या राहिल्या. लोकांच्या घरी त्यांनी जन्मभर हेच केले होते. मालक खोलीत आले की आपण तेथे असायचे नाही. ओली फरशी असावी, पुसणारी दिसू नये.

बूट दालनभर फिरले. व्यवस्थापकांबरोबर डॉक्टर असावेत.

"वा!" व्यवस्थापकांचा आवाज आला. "बघितलंत? त्या ठेकेदाराला नुसतं म्हटलं की आम्ही दुसरा माणूस शोधतोय, तर एका दिवसात सरळ झाला! भिंतीसुद्धा घासल्यात."

"आणि त्या नवीन बायका यायच्या होत्या त्या?" डॉक्टरांनी विचारले.

"कुठे आल्यात? सल्ला केंद्राची माणसं ती, नुसता सल्ला."

दोघे हसले. मोरीच्या अंधारात धाकटीने थोरलीला कोपराने ढोसले. पुन्हा ढोसले. "ताई, अहो बाहेर चला ना!" ती कानाशी कुजबुजली. "मी एकटी बाहेर जाऊन काय बोलू, तुम्ही नको का? धंदा तुमच्या नावावर आहे!"

थोरली बादलीतील गढूळ पाण्याकडे पाहत उभी राहिली. बाहेर पडावे असे तिला वाटले नाही, आणि पडू नये असेही वाटले नाही. बूट जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात काकांचा चेहरा उतरला होता. "बाई, तुम्ही गेलाच नाहीत म्हणे? मी शब्द टाकला होता हो."

"गेलो होतो," थोरली म्हणाली. "मोरीत होतो."

"लपलात?"

"लपलो नाही. बाजूला झालो."

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला आणि सर्व हकीगत सांगितली. काका ताबडतोब फोन उचलू लागले. मॅडमने त्यांचा हात धरला. "काका, तुम्ही सांगितलंत तर काम तुमच्या शब्दावर मिळेल. उद्या काही बिघडलं तरी ते तुम्हालाच फोन करतील. बाई, हे तुम्हीच जाऊन सांगायला हवं. नाही गेलात तरी चालेल, पण मग हे काम गेलं असं धरा."

धाकटी या वेळी काहीही बोलली नाही. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. थोरलीने ते पाहिले. तिने इतक्या वर्षांत धाकटीला गप्प बसलेले पाहिले नव्हते. थोरली उठली.

व्यवस्थापकांच्या खोलीत जुना ठेकेदार समोरच बसला होता. थोरली दारात उभी राहिली. तिने समोर पाहिले. व्यवस्थापकांच्या नाकाच्या शेंड्याकडे, कारण डोळ्यांकडे पाहणे तिला जमले नाही.

"नमस्कार. कालची सफाई आम्ही केली."

व्यवस्थापकांनी ठेकेदाराकडे पाहिले. ठेकेदाराने मान खाजवली. तो जाडजूड, हसऱ्या तोंडाचा माणूस होता. "खरं सांगू का साहेब? काल माझा एकही माणूस आला नव्हता. तुम्ही सकाळी कौतुक करायला लागलात, म्हटलं कोण नको म्हणेल?"

"मग तुम्ही काल होतात कुठे?" व्यवस्थापकांनी थोरलीला विचारले.

"मोरीत. तुम्ही आलात म्हणून आत गेलो."

ठेकेदार मोठ्याने हसला. व्यवस्थापक हसले नाहीत. आपले कालचे बोलणे या बाईने ऐकले, हे त्यांच्या लक्षात आले होते. ते थोडे लाल झाले, मग म्हणाले, "बाई, काम चांगलं आहे. पण इथे पेशंट असतात. कोणी रक्त थुंकतं, कोणी लहान मूल ओकतं. मी हाक मारली आणि तुम्ही दाराआड उभ्या, असं मला चालणार नाही. दवाखाना उघडा असताना, सगळ्यांच्या समोर काम करावं लागेल. जमेल?"

थोरलीने उत्तर शोधले. आत काहीही नव्हते. भीती नाही, हौस नाही. बाहेर व्हरांड्यात धाकटी उभी होती आणि तिच्या चपला सारख्या पुढेमागे होत होत्या, एवढे ऐकू येत होते.

"जमवू," ती म्हणाली.

धाकटीने बाहेर तिला मिठी मारली आणि ती रडू लागली. थोरली तिची पाठ थोपटत राहिली. आपल्यालाही काही व्हावे म्हणून ती थोडा वेळ थांबली. काही झाले नाही.

ठरल्या दिवशी सकाळी दालन माणसांनी भरलेले होते. गालांना हात लावून लोक ओळीने बसले होते. धाकटी वर उपचाराच्या खोल्यांत होती. थोरली ओला पोछा घेऊन पहिल्या खुर्चीपाशी आली. तेथे एक गृहस्थ पाय पसरून मोबाइलवर काहीतरी पाहत होते. नेहमीच्या रीतीप्रमाणे तिने त्यांच्या पायांना वळसा घालून पोछा फिरवला असता. बुटांभोवती कोरडी फरशी तशीच राहिली असती. एवढ्या आयुष्यात तिने कोणालाही पाय उचलायला सांगितलेले नव्हते.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

गृहस्थांनी मान वर न करता पाय उचलले. तिने खालची फरशी पुसली. शेजारच्या बाईने न सांगताच पाय उचलले, मग त्यापलीकडच्यांनी. थोरली खाली वाकून ओळीने पुढे सरकत गेली.