पलीकडच्या पेठेचा गोलकीपर

फुटबॉलला आयुष्यात कधी पाय न लावलेली माणसं फुटबॉलवर किती बोलू शकतात, हे ज्याला बघायचं असेल त्यानं सत्तरच्या दशकात आमच्या तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी यायला हवं होतं. सायकलच्या दुकानाचा मालक, एक ड्रॉइंग मास्तर आणि त्यांच्याभोवती माना डोलवणारे दहा-बारा रिकामटेकडे. मालकाला वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती आणि मास्तर तालमीच्या चार पायऱ्या चढले की धापा टाकायचे. पण मैदानात कुणी कसं पळावं हे दोघांना तोंडपाठ. पेठेचा फुटबॉल संघ तालमीचाच, आणि मी तेव्हा त्याचा गोलकीपर होतो, त्यामुळे ही विद्वत्ता मला रोज फुकटात मिळायची.

त्या वर्षी या मंडळींनी पलीकडच्या पेठेचा गोलकीपर फोडून आणला. पलीकडची पेठ आम्हाला दर वर्षी हरवायची ती त्याच्याच जोरावर, तेव्हा त्यांना हरवायचं तर त्यांचाच माणूस आणायचा, असा विचार होता. त्याचं त्याच्या कॅप्टनशी वाजलं होतं. आमच्या लोकांनी त्याला उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत कामाला लावलं. तरी पेठ बदलणं ही आमच्याकडं साधी गोष्ट नव्हे. लोक घर बदलतात, धंदा बदलतात, पेठ बदलत नाहीत. तालमीतल्या मारुतीसमोर नारळ फुटला, हलगी वाजली, त्याला फेटा बांधला. ज्याची जागा जाणार होती तो मी त्या नारळाचं खोबरं वाटत होतो.

दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर त्याचं मोल ठरवणं सुरू झालं, तेही तो समोर बसलेला असताना. बाजारात बैलाचे दात बघावेत तसा मालकानं त्याचा पंजा उलटापालटा करून बघितला.

"हात मोठा हाय. पर उंचीला कमी पडतंय की गडी."

"उंचीचं काय घेऊन बसलायसा?" मास्तर म्हणाले. "गोलकीपरला नजर लागते, नजर! ती ह्याच्याकडं हाय. आमच्या ह्याच्याकडं..."

आणि माझ्याकडं बघून ते चहा प्यायला लागले. नजरेचंच म्हणाल, तर मास्तरांना स्टेडियमच्या पायरीवरून पलीकडचा गोल दिसत नसे. शेजाऱ्याला विचारून ते शिव्या द्यायचे.

मला त्याचा राग आला होता, नाही असं नाही. पण सरावात त्याला बघितलं आणि राग टिकेना. तो माझ्यापेक्षा चांगला होता, आणि हे कळायला मला मास्तरांची गरज पडली नाही. फौंड्रीतून काळाठिक्कर होऊन यायचा, तोंड धुवायचा आणि गोलात उभा राहायचा. तिकडं त्याच्या आईशी शेजारच्या बायका बोलेनाशा झाल्या होत्या. आमचा गोल सोडला तर त्याला उभं राहायला दुसरी जागाच उरली नव्हती.

सुरुवातीच्या मॅच तो खेळला, मी बाहेर बसलो. मग पलीकडच्या पेठेशी मॅच आली, आणि आदल्या संध्याकाळी मालकाच्या डोक्यात किडा वळवळला.

"मी काय म्हंतो, ह्यो मूळचा कुठला? तिकडचा. आई तिकडं, भाऊबंद तिकडं. ऐन टायमाला बॉल सोडला म्हंजे?"

"रक्त ते रक्तच," मास्तर म्हणाले. "ते कुठं जातंय?"

माना डोलल्या. ज्या एका मॅचसाठी माणूस फोडला, त्याच मॅचला त्याला बाहेर बसवायचं ठरलं! एवढी अक्कल आमच्याच कट्ट्यावर पिकायची. तालमीचे वस्तादही लोकांपुढं नमले. मला बोलावून म्हणाले, "उद्या तू उभा राहा. तू आपला हाईस." मी चांगला खेळतो असं कुणी म्हणालं नाही.

बाहेर आलो तर तो दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"त्यांचा पेनल्टी मारणारा ध्यानात ठेव," तो म्हणाला. "पळत येताना मधी थबकला, तर तुझ्या डाव्या हाताला मारतोय. थबकला न्हाय, तर उजव्या."

"मला कशाला सांगतोयस?"

"पेठ जिंकली तर मलाबी आपला म्हंतील की."

दुसऱ्या दिवशी आम्ही एका गोलनं पुढं होतो आणि शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. त्यांचा खेळाडू पळत आला, मध्येच थबकला. मी डावीकडं झेप घेतली आणि बॉल माझ्या मुठीला लागून बाहेर गेला. आम्ही जिंकलो. मला गुलालानं माखवून पोरांनी खांद्यावरून कट्ट्यावर आणलं.

"बघितलासा?" मास्तर ओरडत होते. "ह्येला म्हंत्यात पेठेचं रक्त!"

मला राहवलं नाही. "रक्त न्हाय, मास्तर. बॉल कुठं येणार ते मला ह्यानं काल सांगितलं. मॅच ह्यानं जिंकलीया." मी मागं बोट केलं. तो भिंतीला टेकून उभा होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं.

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. मला वाटलं, आता याला पुन्हा फेटा बांधतील. मालकानं कपबशी खाली ठेवली.

"म्हंजे जल्मल्या पेठेचं गुपित ह्यानं फोडलं?" तो म्हणाला. "आज त्येंचं फोडलं, उद्या आपलं फोडंल."

सगळ्या माना डोलल्या. मास्तरांची सगळ्यांत आधी.

मी त्यांना नको नको ते बोललो. ते माझ्या पाठीवर थाप मारून हसत राहिले, विजयी गोलकीपरचं कोण मनावर घेतो! महिन्याभरात त्याचं फौंड्रीतलं काम गेलं. पलीकडच्या पेठेत तर ही बातमी त्याच रात्री पोचली होती, तिथं त्याला कोण घेणार? तो आईला घेऊन कागलला बहिणीकडं गेला आणि फुटबॉल सुटला तो सुटलाच.

गोल मला परत मिळाला. पुढं मी तिथं उभा असताना कट्टा दर बॉलला माझ्या नावानं ओरडायचा. मी एकदाही त्यांच्याकडं तोंड केलं नाही. थुंकावंसं वाटायचं, पण तालमीत वाढलेला माणूस मातीवर थुंकत नाही, म्हणून तेवढं राहून गेलं.