गढीच्या दारातून

नव्वद-एक्क्याण्णवचं साल असेल. इंदापूर तालुक्यात एका लग्नाला गेलो होतो. जेवणानंतर मांडवातल्या कर्ण्याला कंटाळून मी शेळगावच्या रस्त्यानं एकटाच निघालो आणि उसापलीकडं दिसणाऱ्या पडक्या गढीपाशी पोचलो.

खांद्यावर घोंगडी टाकलेला एक उंच म्हातारा मेंढरं आत घालत होता. दाराचे दोन दगडी खांबच उभे होते, वरची तुळई कधीच पडून गेलेली. तरी आत शिरताना म्हातारा डोक्यावर हात धरून चांगला कमरेत वाकला.

"आबा, वर तर काहीच नाही. वाकता कशाला?"

तो लाजून हसला. "दार लई ठेंगणं हुतं. रोज सांजंला मागनं आमची कारभारीण वरडायची, 'डोकं सांभाळा!' आता तुळई बी पडली, ती बी गेली. पर तिचं ऐकायची सवय काय मोडत न्हाय."

मग त्यानं गढी दाखवली. मातीचे ढिगारे आणि एक बुजलेली विहीर, एवढंच.

"इथं कोण राहायचं?"

"कुनी सरदार. नाव न्हाय ठावं. हितं जपून, दगड हालतोय."

निघताना मी पुढं होतो, तो मागं. दाराशी आलो तोच पाठीमागून आवाज आला, "डोकं सांभाळा, पाव्हणं!"

देवळातसुद्धा नाइलाजानं वाकणारा मी, त्या मोकळ्या आभाळाखाली नीट कमरेत वाकून बाहेर आलो.