टेप संपते तिथून पुढे

एखादं गाणं टिकतं म्हणजे नेमकं काय टिकतं? गेला आठवडाभर स्वतःला विचारतेय.

मागच्या रविवारी मालाडला लॅन्सी अंकलच्या घरी आमची बैठक होती. (इथली सगळी नावं बदलली आहेत.) आम्ही सगळे एका जुन्या ब्रिटिश पॉप-जोडीचे फॅन. एक जण बातम्या वाचल्यासारखा गातो, दुसरा सिंथेसायझरमागे पुतळ्यासारखा उभा... आणि तरी ऐकताना पाय हलत राहतात.

पूर्वी या बैठकीला अंकलच्या तरुणपणीचे, पार्ट्यांतले दोस्त यायचे. आता त्यातले मोजकेच उरलेत. कुणी कॅनडाला मुलाकडे, कुणी वसईला, कुणी कायमचेच गेले. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर आम्ही बसलो... इन्स्टावर पंधरा सेकंदांचे रील बघून आलेली पोरं.

मी विक्रोळीची, घरातली पहिली ग्रॅज्युएट. कॉलेजात इंग्रजी सुधारावं म्हणून गाण्यांचे शब्द समोर ठेवून ऐकायचे, त्यात ही जोडी सापडली. मी काय ऐकते ते घरी कुणाला सांगताच यायचं नाही. मालाडला सांगता यायचं.

रविवारी वातावरण आधीच जड होतं. अंकलची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, घर लवकरच रिकामं करायचंय. दुसरी जागा मिळाली नाही तर बैठक बंद.

त्यातून वाद निघाला... ही जोडी इतकी वर्षं का टिकली आणि आता ती कुणाची. ऑस्टिन अंकल म्हणजे लॅन्सी अंकलचे शाळेपासूनचे मित्र. त्यांचं म्हणणं, आम्ही ऐकलं तेव्हा हे नवीन होतं, धक्का होता. तुमच्यासाठी ते नुसतं जुनं आहे, म्हणून गोड लागतं. "पंधरा सेकंदवाले रे तुम्ही. सोळाव्या सेकंदाला काय आहे, माहितीय का?"

तन्मय आमच्यातला सगळ्यात बडबड्या. तो त्या दिवशी हसला नाही. "अंकल, मला कोण आवडतं, मुलगी की मुलगा, ते मी घरी आजही बोलू शकत नाही. या गाण्यांना सांगावंच लागलं नाही. पंधरा सेकंद तर पंधरा सेकंद."

ऑस्टिन अंकल नुसते चष्मा पुसत बसले.

बैठकीची एक पद्धत आहे. शेवटी लॅन्सी अंकल त्यांची जुनी कॅसेट लावतात. त्यांचा थोरला भाऊ व्हिन्सेंट बहारीनला नोकरीला होता, त्याने तिथून रेकॉर्ड करून पाठवलेली. शेवटच्या गाण्याच्या मधेच टेप संपते. उरलेलं सुट्टीत घेऊन येतो, म्हणाला होता... तिकडेच अपघातात गेला.

कॉलनीतल्या सगळ्यांनी त्याच कॅसेटवरून कॉप्या केल्या होत्या. त्यामुळे जुनी मंडळी ते गाणं म्हणतात तेही तिथपर्यंतच. टेप खटकन थांबते, सगळे थांबतात, आणि अंकलच्या मिसेस, ग्रेटा आंटी, चहा आणायला उठतात. गाण्याचा पुढचा भाग या घरात कधी वाजलेला नाही. ते गाणं बाहेर कुठे लागलं तर अंकल उठून जातात.

मला हे सगळं माहीत होतं. पण त्या दिवशी डोळे मिटून गात होते, डोक्यात तन्मयचं बोलणं फिरत होतं... टेप थांबली आणि मी पुढे गातच राहिले. एक अख्खी ओळ, एकटीच.

ऑस्टिन अंकलनी माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा भानावर आले. सॉरी म्हणणार, तेवढ्यात लॅन्सी अंकल जमिनीकडे बघतच बोलले. "थांबू नको. म्हण पुढचं."

मी म्हटलं, शेवटपर्यंत. पुढे फारसं काही नाहीच... तीच एक ओळ पुन्हा पुन्हा येते आणि विरत जाते.

"एवढंच होतं?" लॅन्सी अंकल म्हणाले. आणि टेबलावर कपाळ टेकवून रडायला लागले. आंटी चहासाठी उठल्या नाहीत. आम्ही चपला घालून हळूच निघालो.

तन्मयने हे सगळं माझ्या फोनवर शूट केलं होतं. गाताना एकमेकांचे व्हिडिओ काढायची आम्हाला सवयच आहे, त्यात वाईट हेतू नव्हता. पण घरी पोचेपर्यंत आम्हा नव्या पोरांच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली... हा व्हिडिओ इन्स्टावर टाकला तर तुफान चालेल. अंधेरीतला एक कॅफेवाला तन्मयला म्हणाला होता की गर्दी जमते हे दाखवा, रविवारची जागा देतो. म्हणजे बैठक वाचली असती.

"माझं हे एकच ठिकाण आहे यार," तन्मय म्हणाला. तो चुकीचं काहीच बोलत नव्हता.

मी लॅन्सी अंकलना फोन करून विचारलं, व्हिडिओ टाकू का. तुम्हाला पाहिजे ते करा, मला त्यातलं काय कळतंय, एवढंच म्हणाले. मग आंटींनी फोन घेतला. "तो त्या दिवशी जेवला नाही गं. अजून कॅसेटला हात लावत नाही."

शिकले तेव्हापासून माझी एक श्रद्धा आहे... दारं उघडली की भलंच होतं. जितके जास्त लोक आत येतील तितकं चांगलं. पण अंकलचा तो चेहरा हजारो लोक बघतील, एक हार्ट देतील आणि अंगठ्याने वर सरकवतील, हे डोळ्यांसमोरून हटेना. त्यांच्यातले दहा जण कॅफेत आले तरी ते गाण्यासाठी आलेले नसतील. रडणारे अंकल कुठे बसलेत ते बघायला आलेले असतील.

आणि तरी, बैठक बंद पडली तर तन्मयने जायचं कुठे, हेही मला सांगता येत नाही.

व्हिडिओ फक्त माझ्याकडेच होता. आज सकाळी डिलीट केला, ट्रॅशमधूनही काढला. मग तन्मयला फोन करून सांगितलं. त्याने फोन ठेवला.